एकतीस वजा एकोणीस

आत्याचं कुमुद मेलं आणि ते मी मारलं.

हे वाक्य चुकून पुढे आलं. ते तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. मीही ते लिहिलं नाही असं धरून चाललो आहे, आणि मला या कामाचा पाच महिन्यांचा सराव आहे. तर, सगळं उत्तम होतं. कुमुद जिवंत होतं, आत्या खुशीत होती, आणि मी सार्वजनिक बागेच्या जलवनस्पती विभागात तात्पुरता सहायक म्हणून नुकताच लागलो होतो.

'तात्पुरता' हे माझं पद. पहिल्या आठवड्यातच त्याचं नाव झालं. चौकीदार फाटकातून ओरडायचा, "तात्पुरता, सायकल आडवी लावलीस." अधीक्षक कागदावर सही करताना विचारायचे, "तात्पुरता आहे का जागेवर?" आत्या घरी आली की तिथेही तेच, "तात्पुरता जेवला का?" आईने सुरुवातीला हरकत घेतली. मग तिलाही ते नाव पटलं. इतकं पटलं की मलाच काळजी वाटायला लागली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती विभागाची प्रमुख होती, आणि मी येईपर्यंत विभागसुद्धा तीच होती. बागेत तिला सगळे बाई म्हणत. कामाच्या वेळेत मीही बाईच म्हणायचं, असा नियम तिने घातला आणि पहिल्याच दिवशी मोडला. "बाई म्हण म्हटलं ना गाढवा, आत्याला."

काचेच्या छपराची एक लांब खोली. तिच्यात सिमेंटचे त्रेचाळीस टब, प्रत्येक टबात एक बुडवलेली कुंडी, प्रत्येक कुंडीत एक कुमुद आणि कुंडीच्या काठाला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर ठोकलेला आकडा. एवढाच विभाग. लोक तिकीट काढून आत यायचे आणि म्हणायचे, "किती सुंदर कमळं."

"कमळं नाहीत," टबातून मान वर न काढता आत्या सांगायची. "कुमुदं."

"एकच ना ते?"

"तुम्ही आणि तुमचे शेजारी एकच का?"

मग ती दाखवायची. कमळाचं पान अख्खं गोल, देठावर पाण्याच्या वर उभं, थेंब पडला तर पाऱ्यासारखा पळतो. कुमुदाचं पान पाण्यावर आडवं पडलेलं, आणि कडेपासून देठापर्यंत एक खाच, कुणीतरी केकचा तुकडा कापून नेल्यासारखी. दोघांचं कूळच वेगळं. एकाच पाण्यात राहतात, बस. पाहुणे मान डोलवायचे, आभार मानायचे, आणि दारातून बाहेर पडताना मुलांना म्हणायचे, "चला, कमळं बघून झाली."

मला मात्र पुढचं शिकावं लागलं, म्हणजे कुमुदाच्या कुळातल्या कुळात कोण कोण ते. पानाच्या कडेला दात आहेत की नाहीत. खालच्या बाजूच्या शिरा किती उठलेल्या आहेत. देठावर लव आहे का. फूल पाण्याला टेकून उघडतं की वीतभर वर, आणि किती वाजता. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, त्यामुळे ती हे सगळं बोटांनी करायची. कोपरापर्यंत हात पाण्यात, नजर छपराकडे, आणि तोंडाने आकडे. "सात. सव्वीस. हे इथे कुणी ठेवलं, हे बत्तीस आहे." ती कधी चुकली नाही. एकदा मी मुद्दाम पाण्यात प्लॅस्टिकचं पान सोडून पाहिलं. ती म्हणाली, "हे तू."

"ओळख म्हणजे मत नव्हे, तात्पुरत्या," असं तिचं म्हणणं. "मला वाटतं, असं म्हणायचं असेल तर बाहेर बाकावर जाऊन बसायचं."

आता एकोणीस.

एकोणीस नंबरच्या कुंडीतलं कुमुद आत्याला ती स्वतः शिकाऊ असताना एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात सापडलं होतं. ती खाण पुढे बुजवली, तिच्यावर आता गाड्या उभ्या करतात. म्हणजे जगात ते कुमुद एका कुंडीत होतं आणि बाकी कुठेही नव्हतं. फूल पांढरं, पण पाकळ्यांच्या बुडाशी निळसर झाक, शाईची बोटं धुतलेल्या पाण्यासारखी. पानाच्या कडेला दोन मोठे दात, मग एक लहान, पुन्हा दोन मोठे. बरोबर साडेबाराला, म्हणजे कार्यालयात जेवणाचे डबे उघडायचे तेव्हा, ते उघडायचं, आणि तीनला मिटायचं. अधीक्षक त्याला कर्मचारी म्हणायचे. त्याला दुसरं नाव नव्हतं. चौतीस वर्षं ते नुसतं एकोणीस होतं.

या कुळातली नावं ठरवणारे एक प्रोफेसर होते, दूर कुठेतरी, काचेच्या खूप मोठ्या घरात. त्यांनी नाही म्हटलं की नाही. आत्याने त्यांना इतक्या वर्षांत सहा पत्रं पाठवली होती. सहाव्याला उत्तर आलं. वाळलेलं पान चालणार नाही, फोटो चालणार नाही. गड्डा पाठवा, मी स्वतः वाढवीन, फूल स्वतः बघेन, मग सांगेन.

आत्याने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. सहा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. "मी जायच्या आत त्याला नाव मिळालं ना," ती म्हणाली, "की मला कुणी फुलंबिलं नाही दिली तरी चालेल." आत्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब भावनिक वाक्य.

थंडीत कुमुदं झोपतात. पानं गळतात, आणि मातीत उरतो अक्रोडाएवढा काळा गड्डा. दर वर्षी ते बाहेर काढायचे, धुवायचे, प्रत्येक नंबरचे दोन ठेवायचे आणि ताज्या मातीत लावायचे. माती चिकण, कुंभाराला आवडेल अशी. त्यात कुजलेलं खत अजिबात नाही, ते पाण्यात सडतं आणि गड्ड्यालाही सडवतं. शेंडा उघडा, वर खडे, आणि महिन्याला खताची एकच गोळी, मातीत बोट खुपसून. "एकच," आत्या बोट वर करून सांगायची. "याच्यापेक्षा जास्त प्रेम असेल तर लग्न कर."

गड्डे मी धुतले. पहिले तीस नंबर अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले, प्रत्येक खळग्यात दोन गड्डे आणि त्यांच्याखाली बिल्ला. सहा आडव्या ओळी, पाच उभ्या, एक ते तीस. उरलेले तेरा दुसऱ्या ट्रेमध्ये. इथवर माझ्याकडून काहीही चुकलं नव्हतं, हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

मग मंगळवारी सकाळी मी ते बिल्ले पाहिले. आमच्या पाण्यात चुना जास्त. बिल्ल्यांवर पांढरी खपली धरली होती, आकडे बोटाने चाचपावे लागत होते. मला वाटलं, आत्याला सरप्राइज देऊ. मी पहिल्या ट्रेतले तीसच्या तीस बिल्ले काढून व्हिनेगरमध्ये टाकले. गड्डे जागच्या जागी आहेत, क्रम एक ते तीस आहे, विसरण्यासारखं त्यात काय होतं?

बिल्ले भिजेपर्यंत चहा आला. टेबलावर जागा नव्हती. मी ट्रे उचलला, टेबलाला वळसा घातला, पलीकडे ठेवला आणि तिथेच उभा राहून चहा प्यायलो. चहा संपल्यावर मी अलीकडे आलो. ट्रे आला नाही.

बिल्ले चांदीसारखे चकाकत होते. मी ते डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एक ते तीस असे पुन्हा मांडले.

आत्याने एक बिल्ला उचलून डोळ्यांजवळ नेला. "अरे वा," ती म्हणाली. "तात्पुरता कामाचा निघाला." मग तिने एकोणीसच्या खळग्यातून मोठा गड्डा उचलला आणि तळहातावर तोलला.

"जरा जड लागतोय का रे?"

"पाणी प्यायलाय," मी म्हणालो.

गड्ड्यावरून कुमुद कुणालाच ओळखता येत नाही. तिलाही नाही. म्हणून तर बिल्ला. तिने तो गड्डा ओल्या शेवाळात गुंडाळला, डब्यात घातला, डब्यावर स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला आणि टपालात टाकायला स्वतः गेली. मी म्हणालो मी जातो. ती म्हणाली, "नको, तू बिल्ले पूस."

पुढच्या महिन्यात आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे मी एकटाच विभाग झालो. त्याच काळात पानं वर आली. चार नंबरच्या कुंडीत साधं हिरवं पान यायला हवं होतं. आलं ते जांभळ्या ठिपक्यांचं. जांभळ्या ठिपक्यांचं सत्तावीस. सत्तावीसमध्ये डोकावलो तर तिथे साधं हिरवं. मी एक पाहिलं, तिथे तीस होतं. दहामध्ये एकवीस होतं. कुठलाही आकडा घ्या, एकतीसमधून वजा करा, कुंडीत तो बसलेला. पलीकडून ठेवलेला ट्रे मी अलीकडून, म्हणजे उलटा, वाचला होता. तिसरीच्या गणितात मला याच प्रकारात पैकीच्या पैकी मिळाले होते.

एकतीस वजा एकोणीस. बारा.

बारा म्हणजे साधं पांढरं कुमुद. कुठल्याही डबक्यात मिळतं. आमच्याकडे ते फक्त तुलनेसाठी होतं, साधं म्हणजे काय ते दाखवायला.

मी थोडा वेळ टबाच्या काठावर बसलो. मग उठून बिल्ले बदलून बांधले आणि तीस कुंड्या आपापल्या टबांत नेल्या. पंधरा अदलाबदली. ओल्या चिकणमातीने भरलेली कुंडी साधारण एका लहान मुलाच्या वजनाची असते, आणि तितकीच सहकार्य करते. चौकीदार काचेतून बघत होता.

"काय चाललंय?"

"व्यायाम."

"सगळ्यांनाच देतोयस वाटतं," कुंड्यांकडे बघून तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत विभागात सगळं बरोबर होतं. चूक फक्त एकाच ठिकाणी उरली होती, आणि ते ठिकाण काचेच्या फार मोठ्या घरात, माझ्या हाताबाहेर, छान वाढत होतं.

मी आत्याला लगेच सांगणार होतो. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्यात पाणी येता कामा नये. पट्टी निघेपर्यंत थांबू म्हटलं. पट्टी निघाल्यावर ती इतकी आनंदात होती की म्हटलं, आठवडाभर बघू दे बिचारीला. मग मी प्रोफेसरांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात लिहिलं, "माझ्याकडून चूक झाली." ते फार उघडंनागडं दिसत होतं. चौथ्या मसुद्यात चूक "झाल्याचे निदर्शनास आले" होती. नवव्यात "सदर गड्ड्याच्या बाबतीत काही बाबी घडल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही" इथवर मी पोहोचलो आणि वाचताना मला स्वतःलाच कळेना की काय झालं. ते पत्र माझ्या खणात राहिलं. दरम्यान मी अशीही आशा धरून होतो की आमचं बारासुद्धा दुर्मीळ निघेल.

खरं एकोणीस टबात फुललं. आत्याने पहिल्यांदाच ते फूल धड डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे गेल्या काही वर्षांत पहिल्यांदा. साडेबाराला डबा मांडीवर घेऊन ती टबाशी बसली.

"तिकडेही फुललं असेल आता," ती म्हणाली.

"फुललंच असेल," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

पत्र आलं ते अधीक्षकांच्या टेबलावर. त्यांनीच वाचून दाखवलं. आपण पाठवलेला नमुना वाढवून पाहिला. ही सर्वत्र आढळणारी साधी पांढरी जात आहे. आपल्या आस्थेबद्दल आभार.

"म्हणजे आमच्या घरामागे डबकं आहे, त्यातलंच की," अधीक्षक म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना डबक्याचा अभिमान वाटत होता. "चौतीस वर्षं बाई तुम्ही..." आणि मग त्यांना वाक्य कुठे चाललंय ते कळलं आणि त्यांनी चहा मागवला.

आता बोल, असं मी स्वतःला म्हणालो. तोंड उघडलंही. उघडलेल्या तोंडात चहा घातला.

आत्या टबाशी जाऊन उभी राहिली. मी मागे.

"पण निळं तर आहे," मी म्हणालो. "दात आहेत."

"आपलं पाणी चुन्याचं. तुझ्या बिल्ल्यांवर नव्हतं का चढलं? तसंच पाकळ्यांवर चढलं असेल. चांगल्या पाण्यात गेल्यावर त्याने खरं रूप दाखवलं."

"असं होतं?"

"मला वाटायचं, नाही होत." ती थांबली. "मला वाटायचं, म्हणाले बघ मी. बाकावर जायला हवं."

गेली नाही. पण त्या दिवसापासून तिने पाण्यात हात घालणं सोडलं. टबाजवळ उभी राहायची, बिल्ला वाचायची, आणि तरी मला विचारायची, "हे कोणतं रे?" चौतीस वर्षांत तिने कुणाला विचारलं नव्हतं. मी सांगायचो, सव्वीस. ती म्हणायची, "हो का." माझ्यावर तिचा विश्वास होता. यापेक्षा तिने मला टबात बुडवलं असतं तर बरं झालं असतं.

आठवड्याने ती म्हणाली, "एकोणीस काढून टाक. साधं दाखवायला बारा आहेच."

"टाकू?"

"तज्ज्ञ म्हणतात साधं, तर साधं. ओळख म्हणजे मत नव्हे."

मी ते टाकलं नाही. कुंडीसकट बादलीत बसवलं, बादली सायकलच्या हँडलला अडकवली आणि निघालो. चौकीदाराने विचारलं काय आहे. मी म्हणालो, कचरा. तो म्हणाला, कचऱ्याला पाणी घातलंयस.

घरी बादली बाल्कनीत ठेवली. कुमुदाला सहा तास ऊन लागतं, आमच्या बाल्कनीत चार येतं, म्हणून आईचे वाळत घातलेले कपडे सरकवून मी अर्धा तास वाढवला. माझा बेत साधा होता. थंडीत गड्डा तयार होईल, तो मी प्रोफेसरांना पाठवीन, नाव मिळेल, मग आत्याला सगळं एकदम सांगेन, आणि ती इतकी खूश असेल की मला फक्त एकदाच मारेल.

आता ती गोष्ट, जी सांगायचं मी टाळत होतो. खताच्या गोळ्या. महिन्याला एक. पहिली मी नियमाने दिली. दुसरी त्या दिवशी, जेव्हा आत्याने सातला सतरा म्हटलं आणि मी दुरुस्त केल्यावर "सॉरी" म्हणाली. तिसरी, ती मला म्हणाली की तू आहेस म्हणून बरं आहे, तेव्हा. मनाला लागलं की मी बाल्कनीत जायचो आणि मातीत बोट खुपसायचो. त्याने बरं वाटायचं. म्हणजे मला.

तशात एका गुरुवारी वडिलांनी आत्याला जेवायला बोलावलं. ती आली बाराला. पानं वाढली साडेबाराला. आणि मी बाल्कनीकडे पाहिलं तर आईच्या चादरीखाली, बादलीत, फूल उघडत होतं. अगदी वेळेवर. डबे उघडायची वेळ झालीय, हे त्याला इथेही कळलं होतं.

मी उठून बाल्कनीच्या दारात जाऊन उभा राहिलो, पाठ बाहेर.

"जेवायला बस ना," आई म्हणाली.

"वारा घेतोय."

"पाठीने?" आत्या म्हणाली.

"पाठीलाच उकडतंय."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली. ते माझ्या बाबतीत फार प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरं मिळतात म्हणून. आत्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिचा घास हातातच राहिला.

"कसला वास येतोय गं?"

"नवीन साबण आहे," आई म्हणाली. "कपड्यांना येतो."

"चांगला आहे," आत्या म्हणाली, आणि बराच वेळ तशीच बसली, घास हातात घेऊन, डोळे मिटून. मी एक पाऊल बाजूला झालो असतो, बाकी काही नाही. बोलायचंही नव्हतं. चादर पातळ होती. मी मनात पाऊल उचललं, खरंच उचललं, आणि ते परत तिथेच ठेवलं.

तीनला फूल मिटलं. साडेतीनला आत्या गेली. पावणेचारला मी बाल्कनीत जाऊन एकदम अकरा गोळ्या खुपसल्या.

आधीच्या धरून सव्वीस झाल्या. पाणी हिरवं झालं, मग तपकिरी. पानांच्या कडा करपल्या, आधी लहान दात गेले, मग मोठे. मी पाणी बदललं, माती बदलली, बादली शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेली. दहाव्या दिवशी देठ हातात आला, त्याला काही जोडलेलं नव्हतं. दोन्ही गड्डे मी वर काढले आणि जरा दाबले. ते दबले. पिकलेलं केळं दबतं तसे. त्यांचा वास कुठल्याच साबणासारखा नव्हता.

आत्याच्या निरोप समारंभात अधीक्षक बोलले. "बाईंनी चौतीस वर्षं या कमळांची सेवा केली," ते म्हणाले. समोर बसलेल्या चौकीदारानेही मान खाली घातली. तिला भेट म्हणून एक मोठं प्लॅस्टिकचं कमळ दिलं, पानासकट. तिने सवयीने पानाच्या कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. "खाच नाही," ती मला हळूच म्हणाली. "निदान कमळ तरी बरोबर दिलंय." तिचं बोट चालताना मी दोन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं.

सगळे गेल्यावर काचेच्या खोलीत मी तिला सांगितलं. ट्रे, चहा, वळसा, एकतीसमधून वजा, चादर, गोळ्या. या वेळी "निदर्शनास आले" नाही म्हणालो. मी केलं, म्हणालो, जिथे जिथे केलं होतं तिथे तिथे. बराच वेळ लागला.

ती रिकाम्या एकोणीसच्या काठावर बसली होती, मांडीवर कमळ.

"त्या गुरुवारी फुललं होतं?"

"हो."

"निळं?"

"बुडाशी."

"साबण म्हणाली वहिनी." तिने दोन्ही हात समोर धरून बघितले, उलटे, मग सुलटे. "मला तेव्हाच वाटलं होतं. मी म्हटलं, म्हातारी झालीस, आता साबणातही एकोणीस दिसायला लागलं तुला."

तिने हात मांडीवरच्या कमळावर ठेवले.

"म्हणजे मी चुकले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"एकदाही नाही."

"नाही आत्या."

तिने हात पाण्यात घातला, शेजारच्या टबात, कोपरापर्यंत. नजर छपराकडे. "वीस," ती म्हणाली. वीसच होतं. मग तिचे खांदे हलले. ती हसतेय की काय हे बघायला मी पुढे झालो, आणि ती हसत नव्हती. डॉक्टरांची मुदत संपली होती.

खूप वेळाने तिने ओला हात पुसला.

"सव्वीस गोळ्या?"

"हो."

"तलाव मेला असता एवढ्यात." मग म्हणाली, "तुझं काय करायचं ते मला सुचत नाहीये. सुचलं की सांगेन. माफबिफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"प्रोफेसरांना लिही. माझ्या वहीत एक दाबलेलं पान आहे, ते जोड. ते म्हणतील पान चालत नाही. तरी जोड." ती उठली, कमळ मला दिलं. "तूच लिही. तुला ती भाषा येते."

खणातला नववा मसुदा मी फाडला. हा दहावा आहे. काल टपालात टाकला, स्वतः जाऊन. ही त्याची प्रत.

"प्रति, माननीय प्रोफेसर, कुमुदकुळाची नावे ठरवण्याचे कार्यालय. विषय: कुंडी क्रमांक एकोणीस हिचे अस्तित्व मान्य करण्याबाबत. महोदय, आपणांस पाठवलेला गड्डा हा कुंडी क्रमांक बाराचा होता. त्यास खाली सही करणारा जबाबदार आहे. कुंडी क्रमांक एकोणीसमधील रोप वेगळे होते, ते बाईंनी बोटांनी ओळखले होते, व त्या चुकल्या नव्हत्या. सदर रोप आता मयत असून त्यासही खाली सही करणारा जबाबदार आहे. सोबत पान एक, दोन मोठ्या दातांनंतर एक लहान, कृपया मोजून पाहावे. आपल्या नियमानुसार जिवंत फुलाशिवाय नाव देता येत नाही याची कल्पना आहे. तरी, त्या मंगळवारी सकाळी ट्रे टेबलाच्या पलीकडे नेण्यात आला नाही, चहा आलाच नाही, गुरुवारी साडेबारा वाजता सहायक दारात उभा नव्हता, आणि रोप अद्याप फुलत आहे, असे मागील तारखेपासून गृहीत धरून त्यास बाईंचे नाव देण्यात यावे, व तसे बाईंना त्या निवृत्त होण्यापूर्वी, म्हणजे गेल्या महिन्यात, कळवण्यात यावे, ही नम्र विनंती. आपला, तात्पुरता सहायक."